शहाऐंशी दिवस

स्वयंपाकघरातल्या नव्या कॅलेंडरवर ह्यांनी पेन्सिलीने दोन गोल काढलेत. एक २ एप्रिलवर, दुसरा २६ जूनवर. दोन्ही दिवस धरून शहाऐंशी दिवस होतात. गेले दहा महिने आमच्या घरातलं कुठलंही बोलणं फिरून फिरून या दोन गोलांपाशीच येतं.

आम्ही पोर्तुगालला जायचं ठरवलंय. आवेइरो नावाच्या गावात, भाड्याच्या दोन खोल्या घेऊन राहायला. लिस्बनहून पोर्तोला जाणाऱ्या रेल्वेमार्गावर, पोर्तोच्या अलीकडे साधारण सत्तर किलोमीटरवर हे गाव आहे. ऐकणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, "तिथे कोण असतं तुमचं?" कोणी नाही म्हटलं की समोरचा जरा थबकतो. मुलगा नाही, मुलगी नाही, भाचा-पुतण्या नाही, मग तीन महिने जायचं कशाला? हा प्रश्न मला अजिबात गैर वाटत नाही. आमच्या पिढीचं परदेशातलं राहणं बहुतेक वेळा बाळंतपणाला बांधलेलं असतं. मीही दोनदा तसंच राहून आलेय.

लेकीच्या दोन्ही बाळंतपणांना मी न्यू जर्सीत सहा-सहा महिने होते. ते दिवस मला फार प्रिय आहेत. नातीला मांडीवर घेऊन तेल लावताना खिडकीबाहेर पडणारा बर्फ अजून आठवतो. पण त्या वर्षभरात ते गाव मला कळलं का, असं विचाराल तर नाही. लेकीच्या घरापासून चालत जाता येईल असं एकही दुकान नव्हतं. रस्त्याला पदपथ नव्हता. दुधाची पिशवी आणायची तरी जावई कामावरून येईपर्यंत थांबायचं. मी देशात नव्हते, घरात होते. लेकीचं संसाराचं घर, तिची वेळापत्रकं, तिची कपाटं. तिथे माझं काम होतं आणि ते मी मनापासून केलं. परतीच्या विमानात ह्यांनी मला विचारलं होतं, "आपण दोघंच, आपल्यासाठी, कुठे राहिलोच नाही ना गं कधी?" लग्नाला तेव्हा चौतीस वर्षं झाली होती. आधी सासूसासरे, मग मुलं, मग ह्यांच्या रेल्वेच्या पाळ्या आणि माझी शाळा. त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही, पण तो मनातून गेलाही नाही.

गाव निवडताना न्यू जर्सीतला अनुभव कामी आला. आम्ही तीन अटी लिहून काढल्या. बाजार चालत जाण्याच्या अंतरावर हवा, रेल्वे स्टेशन चालत जाण्याच्या अंतरावर हवं आणि जमीन सपाट हवी. तिसरी अट माझ्या गुडघ्यांची. लिस्बन सुंदर आहे, पण ते टेकड्यांवर वसलंय आणि तिथले पदपथ गुळगुळीत झालेल्या लहान दगडांचे आहेत. कुइंब्रा माझ्या फार मनात होतं, कारण तिथल्या विद्यापीठाचा वारसा थेट १२९० पर्यंत जातो. पण त्या गावातल्या एका जुन्या जिन्याच्या वाटेचं नावच 'पाठ मोडणारी' अशा अर्थाचं आहे. ते कळल्यावर मी कुइंब्रा एका दिवसाच्या फेरीत टाकलं. आवेइरो सपाट आहे. इतकं सपाट, की मधून कालवे वाहतात आणि लोक सायकलींवर फिरतात.

पण मी आवेइरोवर थांबले ते एका फोटोमुळे. फोटोत पाण्याने भरलेले चौकोनी वाफे होते, मधून मातीचे बांध, आणि बांधावर पांढऱ्या मिठाचे ढीग. मी मोबाइल ह्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "हे कुठलं ओळखा." ते म्हणाले, "जूचंद्रचं. जुना दिसतोय फोटो."

जूचंद्र म्हणजे नायगाव स्टेशनच्या पूर्वेचं गाव, माझं माहेर. माझे वडील मिठागरावर मुकादम होते. भाईंदर सोडून खाडीचा पूल ओलांडला की लोकलच्या दारातून जे पांढरे-करडे चौकोन दिसायचे, त्यांत माझं बालपण गेलं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत घट्ट करायचं, उन्हाने वर साय धरली की ओढायचं. पायांच्या भेगांत मीठ गेलं की वडील ओसरीवर बसून कोमट पाण्यात पाय बुडवायचे. आता त्यातले किती वाफे उरलेत, ते लोकलने जाणारा कोणीही पाहतो.

आवेइरोतही मीठ असंच पिकतं, खाडीचं पाणी वाफ्या-वाफ्यातून फिरवून. या मिठागरांचा लेखी उल्लेख इ.स. ९५९ मधल्या एका दानपत्रात आहे. म्हणजे हजार वर्षांहून जुनं आगर. पुढे १५७५ च्या सुमाराला वादळांनी तिथल्या खाडीचं मुख वाळूने बुजलं, बंदर बसलं, पाणी कुजलं, रोगराई आली, माणसं गाव सोडून गेली. नवं मुख खोदून समुद्राची वाट पुन्हा मोकळी झाली ती १८०८ मध्ये. हे वाचताना मला आमच्या वसईजवळचं सोपारा आठवलं. शूर्पारक म्हणून जगाला ठाऊक असलेलं बंदर असंच गाळात गेलं आणि आज त्या नावाचं फक्त स्टेशन लोकांना माहीत आहे. सोपाऱ्याला कोणी १८०८ सारखी वाट काढून दिली नाही. ज्या गावाला ती मिळाली, ते मला जवळून बघायचंय.

वसईकराला पोर्तुगाल तसा परका नाही. १५३४ च्या तहात वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मध्ये दोनशे पाच वर्षं. किल्ल्यातल्या पडक्या चर्चच्या भिंतींना टेकून आम्ही कॉलेजात डबे खाल्लेत. ज्यांनी त्या भिंती बांधल्या, ते स्वतःच्या गावात कसे राहतात, कुठे भाजी घेतात, संध्याकाळी काय करतात, हे बघावंसं वाटणं मला स्वाभाविक वाटतं. ह्यांचं कारण वेगळं आहे आणि ते रेल्वेचं आहे. जगातल्या अनेक देशांत रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर असतं. आपल्या ब्रॉडगेजचं १६७६. पोर्तुगाल आणि स्पेनचं १६६८. "फक्त आठ मिलिमीटरचा फरक," असं हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात. त्यांना आणखी एका गोष्टीचा आनंद आहे. बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला, पोर्तुगालातली पहिली गाडी धावली ऑक्टोबर १८५६ मध्ये. तिथे पासष्ट पूर्ण झालेल्यांना रेल्वेच्या तिकिटात निम्मी सूट मिळते. आपल्याकडची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबली ती थांबलीच, आणि जन्मभर रेल्वेत काढलेल्या माणसाला हे फार लागलंय. हे सहासष्टचे आहेत. तिथे निम्म्या तिकिटात पोर्तोला जायचं, हे त्यांचं पहिल्या आठवड्यातलं काम ठरलेलं आहे.

आता शहाऐंशी का, नव्वद का नाही? पोर्तुगालसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालतो त्या शेंगेन व्हिसावर कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत जास्तीत जास्त नव्वद दिवस राहता येतं. उतरलो तो दिवस मोजायचा, निघालो तोही मोजायचा. अनेकांचा घोळ इथेच होतो. 'तीन महिने' म्हणून १ एप्रिल ते ३० जून धरलं तर एक्क्याण्णव होतात. आम्ही चार दिवस मुद्दाम हाताशी ठेवलेत. विमान रद्द झालं, ताप आला, तर नियम मोडायची वेळ येऊ नये. आणि मागितले तेवढे दिवस मिळतीलच असंही नाही, दूतावास कमीही देऊ शकतो. म्हणून घराची आगाऊ रक्कम अशाच मालकिणीकडे भरली, जिने व्हिसा नाकारला गेल्यास परत करायचं लेखी कबूल केलं. नियमित उत्पन्नावर राहू इच्छिणाऱ्या निवृत्तांसाठी पोर्तुगालचा वेगळा निवासी व्हिसाही आहे. आम्ही त्याचा विचार केला आणि सोडला. आम्हाला देश बदलायचा नाही. जूनअखेरीस पावसात भिजत वसईला यायचंच आहे.

तीन महिने दोघांनी दोन खोल्यांत राहायचं, तर जमतं का हे आधी बघायला हवं, असं मीच म्हटलं. म्हणून गेल्या ऑगस्टात आम्ही पणजीला एकवीस दिवस राहून आलो. मळा नावाच्या भागात, फोंताइन्हास या जुन्या पोर्तुगीज वळणाच्या वस्तीच्या अलीकडे, एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर. नियम असा केला की दोघांत एक-एक बॅग, एक लहान कुकर, एक तवा, गाडी नाही आणि प्रेक्षणीय स्थळ एकही नाही.

या एकवीस दिवसांनी जे शिकवलं ते कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. पहिले आठ दिवस छान गेले. नवव्या दिवशी हे सकाळी खुर्चीत बसून राहिले, पेपर उलटा-सुलटा करत. दुपारी आमचं भांडण झालं. कशावरून, तर कुकरच्या शिट्टीवरून. संध्याकाळी मांडवीच्या काठाने चालताना मला उमगलं की घरी आम्ही दिवसातले आठ-नऊ तास वेगवेगळे असतो. ह्यांचा सकाळचा कट्टा, ज्येष्ठ नागरिक संघ, सोसायटीची कामं. माझं वाचनालय, मुलांच्या शिकवण्या, भजनी मंडळ. ते सगळं काढून घेतलं की उरतात दोन माणसं आणि एक कुकर. प्रेम कमी नसतं, पण प्रेमाला बसायला वेगळी खोली लागते. दहाव्या दिवसापासून आम्ही वेळ वाटून घेतली. सकाळी नऊ ते एक ज्याचं त्याने बघायचं. हे बंदरावर जाऊन फेरीबोटींची वेळापत्रकं उतरवून आणायचे, मी सेंट्रल लायब्ररीत बसायचे. दुपारी एकमेकांना सांगायला काहीतरी असायचं. एकविसाव्या दिवशी आम्हा दोघांनाही निघावंसं वाटत नव्हतं. आवेइरोचं सगळं वेळापत्रक याच पायावर बेतलंय. मी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात जाणार, ह्यांनी गावातल्या चालण्याच्या वाटा आणि स्टेशनं वाटून घेतलीत. एकत्र करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. जवळच्या इल्याव्हु गावातलं सागरी संग्रहालय, जिथे उत्तर अटलांटिकात जाऊन कॉड मासा आणणाऱ्या खलाशांचं आयुष्य मांडलंय. २५ एप्रिलचा स्वातंत्र्य दिन, १९७४ च्या क्रांतीचा. त्या क्रांतीनंतरच पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं, हे आपल्याकडे फार थोड्यांना आठवतं. आणि निघण्याआधी २४ जूनला पोर्तोतला सांव जुआंवचा सण. त्याच दिवशी गोव्यात सांजाव असतो, विहिरींत उड्या मारतात. एकच संत, पण पावसाची सोबत फक्त आपल्याकडे.

सगळ्यात अवघड गेलं ते विम्याचं प्रकरण. शेंगेन व्हिसाला किमान तीस हजार युरोंचा प्रवासविमा लागतो. त्यात तातडीचे उपचार, आजारी माणसाला मायदेशी परत आणणं आणि मृत्यू झाल्यास पार्थिव परत आणणं, एवढं असावं लागतं. ही ओळ मी मोठ्याने वाचली आणि दोघंही गप्प बसलो. ह्यांची चार वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. बऱ्याच पॉलिसींत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, किंवा जिवावर बेतलं तरच धरतात. व्हिसापुरता स्वस्त विमा दहा मिनिटांत निघतो. पण आपल्याला कागद हवाय की संरक्षण, हे आधी ठरवावं लागतं. एका विमा कार्यालयात मला तोंडी सांगितलं गेलं, "काळजी करू नका मॅडम, सगळं कव्हर आहे." मी म्हटलं, ते मेलवर लिहून द्या. मेल आला नाही. शेवटी दुसरीकडे, हृदयाचा आजार नाव घेऊन नोंदवून, जास्त हप्ता भरून विमा घेतला. माझं कळकळीचं सांगणं आहे, आजार लपवून हप्ता वाचवू नका. परक्या गावात रात्री दोन वाजता ११२ फिरवायची वेळ आली, तर त्या क्षणी कागद खरा असायला हवा.

डॉक्टरांकडून औषधांचं पत्र घेतलंय, त्यात कंपनीचं नाव न घालता मूळ औषधाचं नाव लिहून, कारण आपल्या गोळीचं नाव तिथल्या औषधवाल्याला कळणार नाही. गोळ्या एकशे पाच दिवसांच्या, मूळ पाकिटांत, निम्म्या एका हातबॅगेत आणि निम्म्या दुसऱ्या. माझ्या दोन दाढा जानेवारीत करून घेतल्या. आणि या निमित्ताने, बारा वर्षं पुढे ढकललेलं मृत्युपत्र आम्ही केलं. सही करून बाहेर आल्यावर ह्यांनी उसाचा रस पाजला. आम्ही दोघं फारसं बोललो नाही, पण हलकं वाटलं.

बाकीची यादी फ्रिजवर आहे. बँकेचे ओटीपी इथल्याच नंबरवर येतात, म्हणून जुनं सिम रोमिंगसह चालू ठेवायचं. हयातीचा दाखला नोव्हेंबरात, त्यामुळे त्याची चिंता नाही. गच्चीचं गळतीचं काम मार्चच्या आत, कारण पाऊस सुरू होताना आम्ही इथे नसू. तुळस आणि मोगरा शेजारच्या वहिनींकडे. युरोपीय संघात सामानातून दूधदुभतं नेता येत नाही, म्हणून तूप आणि पेढे कटले. गोडा मसाला, मेतकूट, कोकम राहिलं. हापूस मात्र यंदा नाही. एप्रिल-मे दोन्ही तिकडे. हे मला खरंच जड जातंय.

भाषेची तयारी मी रोज संध्याकाळी अर्धा तास करते. सुरुवातीला भीती वाटली होती, मग एकेक शब्द ओळखीचे निघू लागले. पाव, बटाटा, काजू, अननस, कोबी, बादली, घमेलं, पिंप, फीत, पगार, तुरुंग, लिलाव. हे सगळे तिकडून आलेले, आपल्या स्वयंपाकघरात आणि कचेरीत मुरलेले. पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी 'टी'च्या जातीचा शब्द आहे, पोर्तुगीज मात्र चहाला 'शा' म्हणतात, आपल्या चहाचाच सख्खा भाऊ. आंब्याला 'मांगा' म्हणतात, तो शब्द आपल्या दक्षिणेतून त्यांनी नेला. आभार मानताना मी 'ओब्रिगादा' म्हणायचं आणि ह्यांनी 'ओब्रिगादो'. शेजारच्या वहिनींना परवा किल्ल्यांचा जुडगा दाखवत मी म्हटलं, "ही 'शाव्ह' तुमच्याकडे." त्या म्हणाल्या, "म्हणजे चावीच ना?" हो, चावीच.

एवढं सगळं झालं तरी एक गोष्ट मी सहा महिने टाळत होते. आई सत्त्याऐंशीची आहे. जूचंद्रला भावाकडे असते. दर रविवारी मी जाते, तिची नखं कापते, डोक्याला तेल लावते. बाळंतपणासाठी गेले तेव्हा तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं, कारण तिथे काम होतं. आता तिला काय सांगायचं? मी तीन महिने नसेन, कारण मला जावंसं वाटतंय? भाऊ म्हणाला, "ताई, मी आहे ना." तरी मी तिकीट बदलता येईल असंच घेतलं. त्याला जास्त पैसे पडले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. तिकडचे अडीच वाजले की इकडे संध्याकाळचे सात, आईची दिव्याची वेळ. तेव्हा रोज फोन करायचा, हेही ठरवलं.

गेल्या रविवारी सांगितलं. ती खाटेवर बसली होती. मी मोबाइलमध्ये तो फोटो काढून तिच्या हातात दिला. चष्मा वर-खाली करत तिने बराच वेळ पाहिलं. मग बोट ठेवून म्हणाली, "ढीग गोल का करतात हे? आपले लांबोडे असायचे."

मी म्हटलं, "माहीत नाही गं."

"पाऊस कधी येतो तिकडे?"

"सप्टेंबरनंतर. उन्हाळा कोरडाच असतो."

ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली. आमच्याकडे होळीनंतर मिठाला जोर यायचा आणि मृगाच्या आत सगळं ओढून, झाकून व्हावं लागायचं. ते तिचं आयुष्यभराचं गणित.

"म्हणजे तू पोचशील तेव्हा ते बांध घालत असतील, चिखल काढत असतील," ती म्हणाली. "मीठ पडायला जून लागेल. तू कधी येतेस?"

"सव्वीस जूनला निघते."

"मग पहिली साय बघून येशील." तिने मोबाइल परत दिला आणि डोकं पुढे केलं. मी तेलाची वाटी घेतली. थोड्या वेळाने, डोळे मिटूनच ती म्हणाली, "आणि तिथल्या बायका मीठ डोक्यावरून नेतात का, ते विचार."